बांधावर वड लावा म्हणे!

काल मामाने तो फॉरवर्ड पाठवला, "मातीच्या बांधाला दगड नको, झाडं लावा" वाला, आणि खाली स्वतःचं एक वाक्य, "पावसाआधी तळ्याच्या बांधावर 50 रोपं लावतोय." एरवी असल्या मेसेजला मी उत्तर देत नाही, पण आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिला दावा, मुळं माती धरून ठेवतात. धरतात, बाबा. इथे अर्धे मार्क द्यावेच लागतील. पण वरचा थर विणून धरतात ती गवताची मुळं. हरळी दाट असली की पावसाचा थेंब थेट मातीवर आपटत नाही, उतारावरचं पाणी पात्यांवरून घसरून जातं, ओघळ पडत नाहीत.

दुसरा दावा म्हणजे खरा घोळ. "जितकं मोठं झाड तितका बांध भक्कम, वड-पिंपळ-नीलगिरी काहीही लावा." अरे, बांध म्हणजे डोंगर आहे का? एका बाजूने पाणी रेटतंय असा तो मातीचा भराव, त्यातून थोडाफार पाझर कायम चालूच असतो, आणि मूळ ओलाव्याच्या मागे जातं म्हणजे भरावाच्या पोटातच शिरतं. झाड मेलं किंवा कुणी तोडलं की ते मनगटाएवढं मूळ आत कुजतं आणि मागे राहते पोकळ नळी. पाझराला आयती वाट. मागच्या, म्हणजे तळ्याच्या उलट बाजूच्या, उतारावर पाणी बाहेर पडताना मातीचे कण घेऊन येतं, नळी आतल्या आत पाण्याच्या दिशेने कुरतडत जाते (याला पायपिंग म्हणतात), वरून हिरवंगार दिसतं आणि एक दिवस माथा खचतो. वादळात झाड उन्मळलं तर वेगळाच तमाशा, मुळासकट मातीचा गड्डा उपटला जाणार, तोही तळं काठोकाठ भरलेलं असताना. शिवाय सावलीत हरळी मरते, म्हणजे पहिल्या दाव्यातलं जे खरं होतं तेही गेलं, आणि झुडपांआड घुशींची बिळं दिसतच नाहीत.

हे माझ्या डोक्यातलं नाही. अमेरिकेच्या फेमा या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने 2005 मध्ये मातीच्या धरणांवरच्या झाडाझुडपांवर अख्खं मॅन्युअल काढलं, क्रमांक 534. त्यात सरळ सांगितलंय की भरावावर झाडंझुडपं वाढू देऊ नका, गवत ठेवा आणि ते कापत राहा.

तिसरा, झाडं पाणी शोषून बांध कोरडा ठेवतात. शेजारी तळं भरलेलं असताना? पुढे जाऊ.

चौथा, "वाळा लावा आणि विसरा." वाळा उत्तमच, बारीक मुळं सरळ खाली 3-4 मीटर जातात. पण विसरून कसं चालेल? ठोंब 10-15 सेंटीमीटरवर, समपातळीत, ओळीत लावायचे, आणि मधला एखादा मेला की त्याच फटीतून पाणी एकवटून घुसतं, म्हणजे सांधायला तुम्हीच जाणार. ओळ भरेपर्यंत एक-दोन पावसाळे जातात. आणि वाळ्याला ऊन लागतं, त्यामुळे एकाच मेसेजमध्ये वड पण आणि वाळा पण सांगणाऱ्याने दोन्ही कधी लावून पाहिलेले नाहीत एवढं नक्की.

पाचवा, दगडी पिचिंग (उतारावर बसवलेला दगडांचा थर) म्हणजे फुकटचा खर्च. मागच्या उतारावर गवत पुरतं, मान्य. पण पाण्याकडच्या बाजूला पातळी वरखाली होते तिथे हरळी महिनोन्महिने बुडून कुजते, पाणी उतरलं की उघडी माती आणि लाटांनी पाडलेल्या खाचा. तिथे दगडच लागतो, आणि त्याखाली वाळू-खडीचा गाळण थर, नाहीतर दगडांच्या फटीतून माती निघून जाते.

मामाला फोन करून सांगितलं, रोपं लाव पण बांधाच्या पायथ्यापासून 8-10 मीटर लांब. तर म्हणतो, मग मागच्या उतारावर ती जुनी बाभूळ आहे ती उद्याच तोडतो. म्हटलं थांब! तोडून बुंधा तसाच ठेवलास तर तीच नळी तयार होईल, पाणी उतरू दे, इंजिनिअरला दाखव, मुळाचा गड्डा पूर्ण काढून खड्डा थराथराने माती घालून धुमसून भर. आणि तोवर पायथ्याशी पाझर गढूळ येतोय का ते रोज बघ.