‘एवढा खटाटोप कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

कीबोर्ड साफ करण्यावरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा जरा राग आला आणि दुसऱ्यांदा वाटलं अर्धी तर बरोबरच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की कीकॅप्स (बटणांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या) काढा, साबणाच्या पाण्यात टाका, ब्रश मारा हे सगळे रिकामटेकडे उद्योग आहेत, कीबोर्ड उलटा करून चार थापा मारल्या आणि सॅनिटायझरने पुसला की झालं. आणि वर माझं ऐकून अल्कोहोल लावलं तर ए आणि एसची अक्षरंच गेली.

आधी अक्षरांचं, कारण ती चूक माझी. बऱ्याच कीबोर्डवर अक्षरं नुसती वरून छापलेली असतात, ती अल्कोहोलने घासली की निघू शकतात. डबलशॉट कीकॅपमध्ये अक्षर म्हणजे दुसऱ्या रंगाचं अख्खं प्लास्टिकच असतं, तिथे पुसून जाण्यासारखं काही नसतंच. माझा कीबोर्ड डबलशॉटवाला, आणि मी जगात सगळ्यांचे तसेच असतात असं धरून लिहून मोकळा झालो. सॉरी. आता पोस्टमध्ये वाढवलंय की आधी स्क्रोल लॉकवर थेंबभर लावून बघा (त्या बटणाचा एवढा तरी उपयोग होऊ दे).

पण सॅनिटायझरचं मात्र अजिबात पटलं नाही. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात, जेलवाल्यात तर घट्टपणासाठी अजून काहीबाही असतं. अल्कोहोल उडून जातं, हे बाकीचं बटणांवरच राहतं आणि त्यावर धूळ बसते. दर आठवड्याला पुसूनही बटणं चिकट लागतात असं तुम्हीच लिहिलंय ना, मग त्याचं कारण बहुतेक तुमच्या हातातच आहे! साधं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, वरून पुसायला ७० टक्केवालं चालतं, आत सर्किटजवळ जायचं असेल तर ९० च्या वरचं, कारण उरलेलं पाणी असतं आणि ते लवकर वाळत नाही. आणि ते फडक्यावर घ्यायचं, थेट कीबोर्डवर ओतायचं नाही. खाली एकाने नेलपॉलिश रिमूव्हर सुचवलंय, ते तर चुकूनही नको, त्यात अ‍ॅसिटोन असेल तर एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या कीकॅप्स अक्षरशः विरघळतात.

आता थापा मारण्याचं. सुटे कण पडतात, मान्य, मीही रोज तेच करतो. पण गेल्या महिन्यात स्पेसबार काढला तर खाली एक लांब केस स्विचच्या दांड्याला तीन वेढे घालून बसला होता, त्यावर धुळीचा राखाडी नमदा आणि कडेला काहीतरी वाळलेलं, कापसाची काडी फिरवली तर तपकिरी होऊन बाहेर आली. हे थापांनी कधीच पडलं नसतं. म्हणून वर्षातून एकदोनदा कॅप्स काढायच्या, दर रविवारी काढा असं मी म्हटलेलंच नाही हो, तुम्ही घाईत वाचलंत. धुतल्यावर मात्र पालथ्या-उताण्या करून पूर्ण दिवस वाळू द्यायच्या, खालच्या पोकळीत पाणी धरून राहतं.

लॅपटॉपची बटणं अशी उचकटायची नसतात असं तुम्ही झापलंत, ते शंभर टक्के बरोबर. तिथे बटणाखाली कात्रीसारखी नाजूक प्लास्टिकची क्लिप असते, ती एकदा तुटली की संपलं. मी स्वतः एका जुन्या लॅपटॉपचा एंटर नखाने उचकटला होता, टक् असा आवाज आला, आणि पुढे तो लॅपटॉप असेपर्यंत एंटर एका बाजूला कलंडलेलाच होता. लॅपटॉप तिरका धरून हवेच्या कॅनने फवारे मारायचे, बस, फक्त कॅन उभा ठेवा, उलटा केला तर आतला गार द्रव बाहेर येतो.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, की एकदाच कॅप्स काढून बसवल्या आणि तेव्हापासून बॅकस्पेस रेंगाळत वर येतो. तो कीबोर्ड बिघडलेला नाही बहुतेक. मोठ्या बटणांखाली स्टॅबिलायझरची, म्हणजे बटण तिरकं न होता सरळ दाबलं जावं म्हणून लावलेली तार असते, तिचं एक टोक खाचेतून सुटलं असणार. कॅप सरळ वर ओढून काढा, तार दोन्ही बाजूंना नीट बसलीय का बघा आणि मग दाबा. तरी अडकला तर कीबोर्ड मेकॅनिकल (प्रत्येक बटणाला वेगळा स्विच) आहे का मेम्ब्रेन (सगळ्या बटणांखाली एकच लवचिक पडदा) तेवढं लिहा, पुढचं तसं सांगतो.