प्रतिक्रियेला उत्तर: एक कॅप्सूल, पाच पथ्यं आणि न हललेला सीआरपी

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देत आहे. इतर वाचकांसाठी आधी तिचा गोषवारा. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे सांध्यांत दाह होणाऱ्या आजारासाठी, तुमचं मेथोट्रेक्सेट हे दाह आवरणारं औषध चालू आहे. दाह कमी करणाऱ्या आहारावरचा इथला लेख वाचून तुम्ही तीन महिने गहू, दूध, साखर, बटाटे आणि टोमॅटो-वांगी एकदम सोडलं. रोज चमचाभर हळद आणि माशाच्या तेलाची एक कॅप्सूल घेतली. वजन 78 वरून 74 किलोवर आलं. सकाळी बोटं दहाएक मिनिटं आखडतात, ती आजही तेवढीच. उभं राहून काम केलं की संध्याकाळी गुडघे ठणकतात, तेही तसंच. सीआरपी, म्हणजे रक्तातल्या दाहाचं माप, आधी 4, नंतरही 4. तुमचं म्हणणं असं की आहाराच्या गप्पांनी काही होत नाही, उलट लोक औषधं सोडून बसतात.

औषधांबद्दलचा तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. लेखात ‘आहाराने दाह कमी होतो’ असं सरसकट वाक्य होतं, ते तसं लिहायला नको होतं आणि आता बदललं आहे. सांध्यांच्या विकारांवर काम करणाऱ्या युरोपीय तज्ज्ञ संघटनेच्या, म्हणजे युलारच्या, 2021च्या शिफारशीही हेच सांगतात की एखाद्या विशिष्ट पदार्थामुळे आजारात मोठा फरक पडण्याची शक्यता कमी आहे. ऱ्हुमॅटॉइडमध्ये सांध्याचं हाड झिजणं थांबवतं ते औषध. दुखणं कमी वाटलं म्हणून मेथोट्रेक्सेट बंद केलं, तर आत झीज चालूच राहते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मेथोट्रेक्सेटसोबत दिलेलं फॉलिक ॲसिडही ‘पालेभाज्या खातो की’ म्हणून सोडायचं नसतं.

पण ‘काही होत नाही’ हा निष्कर्ष तुमच्या आकड्यांतून निघत नाही.

आधी सीआरपी. हे प्रथिन यकृत तयार करतं, आयएल-6 या दाहाच्या निरोप्याचा हुकूम आला की. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण 19 तासांत निम्मं होतं, त्यामुळे ते झपाट्याने चढतं आणि उतरतं. साध्या सर्दीने किंवा हिरडीच्या संसर्गानेही ते वाढतं. तुमचा 4 हा आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असेल, तर बऱ्याच प्रयोगशाळांच्या 5 या मर्यादेच्या तो आतच आहे. म्हणजे औषधाने दाह बहुधा आधीच आटोक्यात आणला होता. आकड्याला उतरायला फारशी जागाच नव्हती, मग आहार त्याला कुठे नेणार?

आता तुमच्या दुखण्याचं वेळापत्रक बघा. दाहाचं दुखणं सहसा पहाटे-सकाळी जोरात असतं, सांधे अर्धा-पाऊण तास किंवा जास्तच आखडतात आणि हालचालीने मोकळे होतात. तुमचे गुडघे मात्र उभं राहिल्यावर, संध्याकाळी दुखतात. असं दुखणं बहुतेकदा भाराचं आणि झिजेचं असतं. तुमच्या बाबतीत नक्की काय, ते डॉक्टर तपासून ठरवतील. पण हा प्रश्न त्यांना थेट विचारा: ‘माझं आत्ताचं दुखणं दाहाचं आहे की झिजेचं?’ उत्तर झीज आलं, तर दाह कमी करणाऱ्या पदार्थांची यादी कितीही काटेकोर पाळली तरी चुकीच्या दारावर थाप मारल्यासारखं होईल.

झिजेच्या गुडघ्यावर आहाराचा खरा परिणाम वजनातून होतो. उतरलेल्या दर किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. तुमच्या चार किलोंचे सोळा झाले, मग फरक का जाणवला नाही? दोन कारणं दिसतात. पहिलं म्हणजे मात्रा. अमेरिकेत 454 जणांवर 18 महिने चाललेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयडिया’ चाचणीत आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं वजन सरासरी अकरा टक्क्यांनी उतरलं आणि दुखणं जवळपास निम्म्यावर आलं. तुमची घट पाच टक्के आहे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या मंडळींचा आठवड्यातून तीन दिवस तासभर व्यायाम चालू होता: चालणं आणि स्नायूंची ताकद वाढवणं. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातो. मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा धक्का झेलणारा आधार, तोच अशक्त झाला तर कमी झालेल्या भाराचा फायदा तिथंच खर्ची पडतो. तुम्ही दूध सोडलंत, पण त्याच्या जागी काय घेतलंत ते लिहिलं नाहीत. अर्धा लिटर दूध गेलं की रोजची सोळाएक ग्रॅम प्रथिनं आणि 600 मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर वजनाच्या दर किलोला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं धरा, म्हणजे तुम्हाला दिवसाला 75 ते 90 ग्रॅम, तिन्ही जेवणांत विभागून. शिजवलेल्या 100 ग्रॅम कडधान्यात आठ-नऊ ग्रॅम, एका अंड्यात सहा, 100 ग्रॅम माशात वीसच्या आसपास प्रथिनं असतात. मांडीसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, दोन-तीन फेऱ्या, एक दिवसाआड. एवढ्यापासून सुरुवात पुरे.

माशाच्या तेलाबाबत तर घोळ मात्रेचाच आहे. ऱ्हुमॅटॉइडच्या ज्या चाचण्यांत आखडलेपणा आणि वेदनाशामक गोळ्या कमी झाल्या, त्यांत ईपीए आणि डीएचए ही माशातली ओमेगा-3 मेदाम्लं मिळून रोज साधारण 2.7 ग्रॅम किंवा जास्त दिलं होतं, किमान तीन महिने. बाजारातल्या नेहमीच्या 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180 आणि डीएचए 120, मिळून 300 मिलिग्रॅम असतं. बाकीचं नुसतं तेल. म्हणजे तुम्ही मात्रेच्या नवव्या भागावर होता. डब्याच्या पुढच्या बाजूचा मोठा आकडा वाचू नका, मागच्या बारीक तक्त्यात ईपीए आणि डीएचएची बेरीज करा. तेलकट माशाच्या 100 ग्रॅममध्ये हे दोन्ही मिळून साधारण 1 ते 2 ग्रॅम असतं. जवसात असतं ते एएलए, ओमेगा-3चाच वेगळा प्रकार. शरीर त्यातला अगदी थोडा भाग ईपीएमध्ये बदलतं, त्यामुळे मासे न खाणाऱ्यांनी शेवाळापासून काढलेल्या तेलाचा विचार करावा. मात्र रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर एवढी मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हळदीचाही हिशेब करू. चमचाभर म्हणजे तीन ग्रॅम, त्यात कर्क्युमिन हा हळदीतला मुख्य घटक साधारण तीन टक्के, म्हणजे 90 मिलिग्रॅम. चाचण्यांत 500 ते 1500 मिलिग्रॅम अर्क वापरतात. जेवणात हळद जरूर असू द्या. पण मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या गोळ्यांच्या वाटेला मेथोट्रेक्सेट चालू असताना स्वतःहून जाऊ नका. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत आणि मेथोट्रेक्सेटमुळे तुमच्या यकृतावर आधीच नजर ठेवावी लागते.

आता पथ्यांकडे. टोमॅटो-वांग्याने सांधे दुखतात याला चाचण्यांचा आधार नाही. काहींना त्रास होतो हे नाकारायचं नाही, पण पाच गोष्टी एकदम सोडल्यावर कशाने फरक पडला किंवा पडला नाही, हे कुणालाच कळणार नाही. आणि माणूस पथ्य सुरू करतो तेव्हा दुखणं बहुधा शिगेला असतं. ते आपोआपही थोडं उतरतं आणि श्रेय पथ्याला जातं. म्हणून आधी दोन आठवडे काहीही न बदलता रोज तीन आकडे लिहा: सकाळी किती मिनिटं आखडलं, संध्याकाळचं दुखणं शून्य ते दहात किती, वेदनाशामक गोळ्या किती. मग एकच गोष्ट तीन आठवडे बंद. आठवड्याच्या सरासरीत दोन गुणांची घसरण दिसली तर दखल घेण्याजोगी, अर्ध्या गुणाची सोडून द्या.

आहाराने काहीच होत नाही, असं म्हणता येऊ नये असा एक दाखलाही आहे. नॉर्वेत 53 ऱ्हुमॅटॉइड रुग्णांवर झालेल्या आणि 1991 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार-गटाला आधी सात ते दहा दिवस उपवास, मग काही महिने ग्लुटेनविरहित (गव्हातलं प्रथिन नसलेला), पूर्ण वनस्पतिजन्य आहार आणि नंतर दुधासह शाकाहार दिला. चार आठवड्यांत दिसलेली सुधारणा वर्षभर टिकली. पण प्रत्येकाला फायदा झाला नाही, आणि आपण काय खातोय हे रुग्णांना माहीत होतं. तेव्हा हा पुरावा आशा देणारा आहे, हमी देणारा नाही. तो उपवास देखरेखीखाली होता, घरी त्याची नक्कल करू नका.

तुमच्यासाठी तातडीची गोष्ट गव्हाची. सीलिॲक म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार. त्याची रक्ततपासणी, टीटीजी-आयजीए, गहू सोडलेला असताना केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. पोटाची तक्रार, ॲनिमिया किंवा घरात कुणाला सीलिॲक असेल, तर रोजच्या जेवणात गहू सहा-आठ आठवडे परत आणून मगच तपासणी करा. ‘फूड इन्टॉलरन्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आयजीजी (रक्तातल्या एका प्रतिपिंडाच्या) चाचण्यांवर मात्र पैसे घालवू नका. तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच त्यातून कळतं.

सोडलेले पदार्थ परत आणताना दूध आधी घ्या, कारण त्याची उणीव सर्वांत महाग पडते. पहिल्या दिवशी अर्धा पेला, दुसऱ्या दिवशी दोन पेले, मग तीन दिवस थांबून आकडे बघा. त्यानंतर टोमॅटो, मग वांगी, मग बटाटे, याच पद्धतीने एकेक. साखर परत आणायची गरज नाही.