वाय-फाय दुरुस्त होऊ नये म्हणून

घरातलं वाय-फाय नीट चालू लागलं की त्रास सुरू होतो. साडेनऊची मीटिंग साडेनऊलाच भरते, कॅमेरा लावावा लागतो, त्यासाठी दाढी करावी लागते, आणि आजवर ‘नेट ना’ एवढ्या दोन शब्दांत मिटणाऱ्या प्रकरणांना नवी कारणं शोधावी लागतात. तेव्हा तुमच्या लॅपटॉपचं वाय-फाय मधूनमधून तुटत असेल तर ते तसंच जपा. फक्त एक पथ्य पाळा, ते पूर्ण बंद पडू देऊ नका. पूर्ण बंद पडलेली वस्तू माणूस दुरुस्त करून घेतो. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं जाणारी वस्तू वर्षानुवर्षं चालवून घेतो.

सुरुवात राउटरच्या जागेपासून करा. कंपनीच्या माणसाने ज्या खिडकीतून तार आत ओढली त्याच खिडकीखाली राउटर कायमचा राहू द्या. तार पुढे नेता येते हा विचार मनातही आणू नका. जमिनीलगत, टीव्हीच्या मागे, ही जागा उत्तम. शोकेसमध्ये ठेवायचा हट्ट असेल तर स्टीलच्या भांड्यांच्या किंवा आरशाच्या पाठीमागे ठेवा. पत्र्यातून आणि आरशाच्या मुलाम्यातून लहरी पार होत नाहीत, आल्या वाटेने परततात. बाजूला माशांची टाकी असेल तर दुधात साखर, कारण पाणी या लहरी पिऊन टाकतं. वरून क्रोशाची जाळी घाला. तिने सिग्नल अडत नाही, पण राउटरची हवेची भोकं झाकली जातात आणि मे महिन्यात तापलेला राउटर आपोआप अडखळू लागतो.

राउटरला अँटेनाच्या शेंड्या असतील तर त्या बंदुकीच्या नळीसारख्या आतल्या खोलीवर रोखा. सिग्नल टोकातून सुटतो असं वाटतं खरं. प्रत्यक्षात तो शेंडीच्या अंगाने चहूकडे पसरतो आणि टोकाच्या दिशेलाच सगळ्यांत कमी जातो. बसक्या, एकमजली घराला उभ्या शेंड्या पुरतात. म्हणूनच त्या उभ्या ठेवायच्या नाहीत.

घर जुनं गोंयकारी वळणाचं असेल तर तुमचं निम्मं काम पूर्वजांनीच करून ठेवलंय. चिऱ्यांच्या दीड-दोन फुटी भिंती, पुढे हॉल, मध्ये राजांगण म्हणजे उघडा चौक, त्यामागे रांधचं कूड म्हणजे स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागच्या खोलीत लॅपटॉप. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो आणि भिंती तो पोटभर पितात. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल गिळते, त्यामुळे मार्चमध्ये जेमतेम पोचणारं वाय-फाय जुलैत उंबरठ्यावरच दम तोडतं. अशा वेळी कंपनीला फोन करून ‘तुमची लाइन पावसात खराब होते’ असं ठणकावून सांगा.

बहुतेक राउटरांत वाय-फायच्या लहरींचे पट्टे दोन असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला हळू पण भिंती ओलांडणारा, दुसरा वेगवान पण भिंत दिसली की हातपाय गाळणारा. राउटरजवळ बसणाऱ्याने ५ वापरावा आणि मागच्या खोलीतल्याने २.४, हा साधा हिशेब. तो बिघडवण्यासाठी दोन्हींना एकच नाव राहू द्या. मग लॅपटॉप हॉलमध्ये ५ ला चिकटतो आणि मागच्या खोलीत एकच दांडी उरली तरी हात सोडत नाही. दोघांना वेगळी नावं देणं हे दोन मिनिटांचं काम आहे, त्यापासून सावध राहा.

पर्वरी-मडगावच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी चिऱ्यांच्या भिंती नाहीत म्हणून खंतावू नये, त्यांच्याकडे शेजारी आहेत. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांच्या पायात न येता चालतात. तुम्ही ३ किंवा ४ निवडा. त्याने १ वाल्यांशी आणि ६ वाल्यांशी एकाच वेळी भांडता येतं. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ पुरेशी असताना ४० करून ठेवा; त्याने वेग वाढतो असं राउटरच्या पानावर लिहिलेलं असतं, पण गर्दीत हातपाय पसरून बसणाऱ्याला धक्केही जास्त बसतात, हे लिहिलेलं नसतं.

मायक्रोवेव्ह तर देणगीच. तो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वाय-फायच्या भर बाजारात, आणि त्याच्या दारातून थोडी लहर गळतेच. माणसाला त्याने काही होत नाही, पण राउटरच्या कुजबुजीपुढे ती गळतीही ढोलासारखी वाजते. यासाठी कालची कोडी, म्हणजे उरलेली माशांची आमटी, उपयोगी. रात्रीचं हे हुमण सकाळी मातीच्या कुंडल्यात मंद आचेवर आटवलं तर घरभर वास सुटतो आणि वाय-फायला काही होत नाही. तीच कोडी वाडग्यात घालून तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये फिरवा. कोडी आटत नाही, मीटिंगमधला आवाज मात्र तुटक होतो, आणि ‘टुंग’ वाजताच पूर्ववत. एका दगडात दोन पक्षी, दोन्ही घायाळ. लॅपटॉप ५ च्या पट्ट्यावर गेला की हा खेळ संपतो.

लॅपटॉपच्या आतही बरंच काही करता येतं, म्हणजे न करता येतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स उघडून वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलात की काही लॅपटॉपांत पॉवर मॅनेजमेंटचं पान असतं. तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी एक खूण असते. ती राहू द्या. झोपवून उठवलेल्या लॅपटॉपचं वाय-फाय डोळे चोळत बसतं ते बऱ्याचदा या खुणेमुळे. ड्रायव्हर नव्या अपडेटनंतर बिघडला असेल तर शेजारच्या ड्रायव्हरच्या पानावर ‘रोल बॅक’चं बटण असतं, तिकडे पाहू नका. आणि लॅपटॉप नुकताच उघडून दुरुस्त झाला असेल तर एक गंमत जपून ठेवा. त्याचे अँटेना बहुधा स्क्रीनच्या कडेने बसवलेले असतात आणि तिथून दोन बारीक तारा, पुष्कळदा एक काळी नि एक पांढरी, कार्डावरच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या बटणांत अडकवतात. त्या निसटल्या की राउटरपाशी नेट येतं आणि दोन पावलं मागे सरलं की जातं. मग राउटर बदला. नंतर कंपनी बदला. तार शेवटपर्यंत तपासू नका.

एका गोष्टीपासून मात्र फार जपायला हवं, ती म्हणजे पिंग, पलीकडच्या यंत्राला ‘आहेस का’ विचारून उत्तराची वेळ मोजणारी आज्ञा. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप केलं की ‘डीफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसतो, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. त्या पत्त्याला एका खिडकीत आणि गूगलच्या ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला दुसऱ्या खिडकीत, शेवटी उणे चिन्ह नि टी जोडून, पिंग लावून ठेवलं की दोन्हीकडे ओळी धावू लागतात. नेट गेल्या क्षणी दोन्ही खिडक्या अडखळल्या तर दोष तुमच्या घरातला: भिंत, जागा, कोडी, लॅपटॉप. पहिली एक-दोन मिलिसेकंदांत सुरळीत आणि दुसरीच थांबली तर दोष सहसा घराबाहेरच्या तारेचा. दोन्ही चालू पण पानं उघडत नाहीत, तर डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा, संशय. एवढ्याशा कामात गुन्हेगार सापडतो, आणि एकदा तो सापडला की घरातल्यांनी एकमेकांना आणि सगळ्यांनी मिळून कंपनीला शिव्या देण्यातली गंमतच जाते. विंडोज तर मागितलं तर गेल्या तीन दिवसांत वाय-फाय कितीदा तुटलं, किती वाजता, का, याची कुंडलीच मांडून देतं. असल्या चोंबड्या सोयी न वापरलेल्याच बऱ्या.

बाहेरच्या तारेकडेही थोडं दुर्लक्ष करायला हवं. फायबरच्या आत काच असते, आणि कडक मुरड पडली की तिच्यातला उजेड बाहेर सांडतो. म्हणून उरलेली तार खिळ्याला करकचून गुंडाळा. माडाचं चुडत वरच्या तारेवर पडलं आणि डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकू लागला, तर तो दिवा म्हणजे उजेड घरापर्यंत पोचतच नाही अशी सरळ कबुली असते. तरी तुम्ही तासभर लॅपटॉपच रीस्टार्ट करत राहा. पंखा इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या बोर्डावर, ही वाटणीही अशीच राहू द्या, लायट गेली की दोघांचा हिशेब वेगळा. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण तो कशाला?

रीस्टार्ट आणि रीसेट यांत फरक करू नका. प्लग काढून अर्धा मिनिट थांबून परत लावणं झालं रीस्टार्ट. राउटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबणं म्हणजे रीसेट. त्यात नाव, पासवर्ड आणि कित्येक घरांत कंपनीने भरलेला लॉगिनही पुसला जातो. पहिल्याने दोन मिनिटं जातात, दुसऱ्याने शनिवार-रविवार.

एवढ्यावर कुणी रिपीटर, म्हणजे सिग्नल झेलून पुढे फेकणारा डबा, आणलाच तर तो जिथे सिग्नल नाही त्याच खोलीत लावा. अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून धडधाकट आहे, तिथे लावला तर तो खरंच चालतो. स्वस्तातला, एकाच पट्ट्यावर ऐकणारा आणि बोलणारा घ्या, म्हणजे वेग निम्मा होईल. लॅन केबल मात्र घरात येऊ देऊ नका. शंभर मीटरपर्यंत ती निमूट चालते, भिंत जाणत नाही, पाऊस जाणत नाही.

शेवटी कंपनीचा माणूस. तो ‘फाल्यां येतां’, म्हणजे उद्या येतो, म्हणाला की तीन दिवसांनी येतो. आला की त्याला हॉलमध्ये, राउटरपासून दोन हातांवर बसवा आणि कोकम सरबत द्या. तो खिशातला मोबाइल काढेल, ५ च्या पट्ट्यावर स्पीड टेस्ट लावेल, काटा झर्रकन वर जाईल. ‘पळयात, फुल येता,’ असं तो म्हणेल. मान डोलवा. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं असू द्या. लॅपटॉप तिथेच आहे हे त्याला सांगायचं नाही.