पटसंख्या दोन

बँकेने बायकोची साताऱ्याला बदली केली ती नोव्हेंबरात. बदल्यांचा महिना ठरवणाऱ्या माणसाला मुलंबाळं नसावीत. सातारा म्हणजे माझंच गाव. आईचं घर, पुढे अंगण, मागे आवळ्याचं झाड, तेव्हा राहायची चिंता नव्हती. चिंता होती शाळेची. मुक्ता पहिलीत, ओम छोट्या गटात. एका शाळेने 'जूनमध्ये या' म्हणून सांगितलं. दुसरीने जो आकडा सांगितला तो मी मोबाइल नंबर समजून लिहून घेतला.

"मग जूनपर्यंत घरीच शिकवू की!" मी म्हणालो.

विचार न करता मी आजवर जी काही वाक्यं बोललोय त्यांत हे बरंच वरचं आहे. मी घरी बसून लोकांचे जीएसटीचे हिशेब करतो. 'घरी बसून' याच्यापुढचं वाक्य आमच्या घरात कुणी ऐकत नाही, त्यामुळे शिकवणार कोण हा प्रश्न आलाच नाही. शिवाय सगळं फुकट होतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट, गोष्टी फुकट, खेळणी टाकाऊतून टिकाऊ. पैसे द्यायचे कुणाला आणि कशाचे?

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिक्षिका होती. त्यातली बरीचशी जावळीच्या डोंगरात, द्विशिक्षकी शाळेवर. म्हणजे चार इयत्ता, दोन शिक्षक आणि त्यातला एक कायम तालुक्याला मीटिंगला. एवढा अनुभव घरात असताना आपल्याला फक्त शिपायाचं काम पडेल असा माझा हिशेब होता. आई म्हणाली, "मी रिटायर झाले. शिकवायची नाही. तपासणीला येईन."

पूर्वी शाळा तपासायला दिपोटी यायचे, तशी ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हॉलमध्ये खुर्ची टाकून बसली.

"पट किती?"

"अगं आई, पट काय! दोन."

"वीसच्या आत पट असला की सरकार शाळा बंद करायला बघतं. बघू तुझी किती दिवस चालते. हजेरी घे."

हजेरी घेतली. ओम गैरहजर होता. तसा तो समोरच बसला होता, पण मांजर झाला होता आणि मांजरं 'हजर' म्हणत नाहीत. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, आणि आठ वाजून बारा मिनिटांनी मांजराने विचारलं, "मधली सुट्टी कधी?"

फुकट पुस्तकांचं असं झालं की पीडीएफ मोबाइलवर दाखवायची, तर दुसऱ्या पानाला मुलं यूट्यूबवर पोचतात. म्हणून छापून घ्यायचं ठरलं. पोवई नाक्यावर झेरॉक्सवाल्याचा भाव काळ्या पानाला दोन रुपये, रंगीत पानाला दहा. काटकसर म्हणून काळी पानं काढली. 'लाल चेंडूला गोल करा' या पानावर सहाही चेंडू राखाडी. मुक्ताने मान वर करून माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मी उठून परत गेलो आणि रंगीत काढली. ८४० रुपये झाले. पैसे मोजून घेतल्यावर झेरॉक्सवाला म्हणाला, "सर, हे छापील पुस्तक पलीकडच्या दुकानात मिळतंय की. साठ-सत्तरला असंल." बालभारती १९६७ पासून याच धंद्यात आहे, तिला माझ्यापेक्षा स्वस्त पडणारच.

गोष्टींचं मात्र खरोखर फुकट आणि खरोखर छान जमलं. प्रथम बुक्सच्या स्टोरीव्हीवर या वेबसाइटवर मराठी गोष्टींचा ढीग आहे, चित्रांसकट. फक्त ओमला त्या ढिगातली एकच गोष्ट लागायची. रोज. एकदा मी एक वाक्य गाळलं तर त्याने ते मला म्हणून दाखवलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लावलं.

कणकेच्या मातीकामाचं थोडक्यात सांगतो. भरपूर मीठ घालून बिटाने रंगवलेला गोळा मी फ्रीजमध्ये ठेवला होता. सकाळच्या घाईत बायकोने त्याच्या पोळ्या लाटल्या आणि डब्यात नेल्या. बिटाची पोळी म्हणून तिच्या मॅनेजरांनीही अर्धी घेतली. विषय बंद.

टाकाऊतून टिकाऊमध्ये आमचं दैवत म्हणजे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, टेल्कोतली नोकरी सोडून खेळणी करायला लागले, पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं ती मुलांकडून करून घेतली, २०१८ ला पद्मश्री झाले. त्यांची सगळी खेळणी इंटरनेटवर बघायला फुकट आहेत. काड्यापेटीतल्या काड्या आणि त्या जोडायला सायकलच्या वॉलट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे, छोटे तुकडे, एवढ्या भांडवलावर हा माणूस भूमिती उभी करतो. मी गल्लीतल्या सायकलवाल्याकडे गेलो.

"वॉलट्यूब? किती पायजे?"

"दोन मीटर."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "सायकली किती हायत सायेब?"

"एकही नाही."

त्याने निमूट मोजून दिली. वेड्याशी वाद घालू नये हे त्याला कळत होतं.

काड्या मुलांच्या हातात द्यायच्या तर आधी गूल काढायला हवा. रात्री अकरा ते साडेबारा मी ब्लेड घेऊन चार पेट्यांतल्या एकूण एक काडीचा गूल खरवडला. सकाळी तीन काड्यांचा त्रिकोण झाला. दाबला, हलेना. मग चार काड्यांचा चौकोन. ओमने त्यावर एक बोट ठेवलं आणि चौकोन तिरका होऊन आडवा पडला. "चौकोन दमला," ओम म्हणाला. मला भरून आलं. त्रिकोण दमत नाही, म्हणूनच पुलाला आणि पत्र्याच्या छपराखालच्या कैचीला त्रिकोण असतात, हे मी सांगायला घेतलं आणि मान वर केली तर वर्ग रिकामा होता. आवळ्यावरून आवाज येत होते.

संध्याकाळी आई देवापुढे दिवा लावायला बसली. काडी ओढली, पेटली नाही. दुसरी ओढली. तिसरी. पेटी सादळली असेल म्हणून दुसरी पेटी घेतली. सहाव्या काडीला तिने चष्मा लावला, काडी डोळ्यांजवळ नेली आणि शांतपणे म्हणाली, "सगळ्या बिनडोक आहेत." मग माझ्याकडे वळून, "घरात एक होता तेवढा पुरे होता."

दिवा शेवटी गॅसच्या लायटरने लागला. त्या रात्री जेवताना मला ताराबाई मोडक ऐकाव्या लागल्या. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, जोडीला अनुताई वाघ, पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पोरं गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, तर यांनी शाळाच कुरणात नेली. "शिंपले, खडे, बिया, पानं, मिळेल त्यावर शिकवलं त्यांनी," आई म्हणाली. "तुझी पोरं तर गुरंही राखत नाहीत, आणि तुला ती एका सतरंजीवर ठेवता येत नाहीत."

यातला 'बिया' हा शब्द मी तेवढा उचलला.

तेव्हा आमच्या शाळेत संख्यावाचनाचा पेच चालू होता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात साठ सात, नव्वद तीन अशी नवी पद्धत आली होती, आठवत असेल. मंगला नारळीकर गणित समितीच्या प्रमुख होत्या. जोडाक्षरं मुलांच्या तोंडात बसत नाहीत, आणि सदुसष्ट म्हणताना सात आधी येतो पण लिहिताना सहा आधी, त्यात मुलं गोंधळतात, असं त्यांचं म्हणणं. महाराष्ट्राने त्यावर पोटभर विनोद केले. मीही चार पुढे ढकलले. आता मुक्ताने सदुसष्ट हा आकडा ७६ असा लिहिला तेव्हा मी मनातल्या मनात बाईंची माफी मागितली. एकोणचाळीस तर तिने ४१ लिहिला. 'एक' आणि 'चाळीस' दोन्ही ऐकू येतंय, मग चूक कुठे आहे?

"तीस नऊ म्हण," मी म्हणालो.

आई खुर्चीतून उठली. तपासणीच्या इतिहासात पहिल्यांदा. "माझ्या नातीला एकोणचाळीस आलंच पाहिजे. एक ऊन चाळीस. ऊन म्हणजे उणा. चाळीसाला एक उणा."

"उणा म्हणजे?" मुक्ताने विचारलं. चर्चा तिथेच अडकली.

दुसऱ्या दिवशी मी परातीत मूग, मसूर, मटकी आणि हरभरे एकत्र केले. ओमने वेगळे करायचे, मुक्ताने त्यातले चाळीस हरभरे मोजून ताटलीत मांडायचे. बोटांना वळण, डोळ्यांना काम, आणि सगळं घरातलं! वीस मिनिटं घरात अशी शांतता होती की मी एक रिटर्न भरून टाकला. लहान मुलांच्या घरात शांतता झाली की धावत सुटायचं असतं, हे मला आईने नंतर सांगितलं.

"बाबा, चाळीस होते. आता तीस नऊच आहेत."

"नीट मोज."

तिने तीनदा मोजले. मीही मोजले. तीस नऊ.

"ओम, तू खाल्लास?"

ओमने मान हलवली. "दाही."

"काय नाही? नीट बोल."

"दाही खाल्ला," ओम गंभीरपणे म्हणाला. "दाकात आहे."

हरभरा ओलीत फुगतो, हे ज्ञान घरातल्या प्रत्येकाला एकाच वेळी झालं. स्कूटरवर पुढे ओम, मागे मुक्ता (तिचा हरभरा होता, ती येणारच), आणि डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत मला त्या नाकातून मोड आलेले दिसायला लागले होते. डॉक्टरांनी टॉर्च मारून आत बघितलं. "काबुली का साधा?" मग मला सांगितलं, दुसरी नाकपुडी बोटाने दाबा, त्याच्या तोंडाला तोंड लावा आणि एक जोरात फुंकर मारा. ते शेजारी उभे होते म्हणून धीर झाला, एरवी माझी छाती झाली नसती. फुंकर मारली. हरभरा सुटला आणि टपकन माझ्या चष्म्यावर बसला. ओम इतका हसला की पुन्हा करू म्हणाला.

"कशाला दिले होते हरभरे?" डॉक्टरांनी हात धुताना विचारलं.

"शैक्षणिक साहित्य," मी म्हणालो. तीनशे रुपये दिले.

मुक्ताने तो हरभरा कागदात बांधून घरी आणला आणि आजीसमोर ताटलीत ठेवला. "चाळीस." मग उचलला. "आता?" स्वतःच ताटलीकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा असा उजळला की आयुष्यभर लक्षात राहील. "आजी! एकोणचाळीस! चाळीस, पण एक नाकात!"

३४ वर्षं नोकरी झालेली आई काही वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "हो. बरोबर आहे."

त्या दिवसापासून एकोणवीस, एकोणतीस, एकोणसत्तर, कशाला म्हणून मुक्ता अडली नाही. परातीतल्या कडधान्याची पुढे मिश्र उसळ झाली. ती सगळ्यांनी फार निरखून खाल्ली.

फेब्रुवारीच्या वीस तारखेला, म्हणजे रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, मी सकाळी नऊलाच शाळा सोडून दिली. त्या महिन्यात ती बऱ्याचदा नऊलाच सुटत होती. मुलं आवळ्यावर चढली. जरा वेळाने आई वही आणि निळं स्केचपेन घेऊन बाहेर आली. डब्यातल्या बारांपैकी टोपण असलेलं ते एकच पेन उरलं होतं.

इथे थोडं मागे जावं लागेल. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांची मोजणी झाली, तेव्हा आई नोकरीत होती. वीटभट्ट्या, एसटी स्टँड, बाजार, पालं, सगळीकडे शिक्षक वह्या घेऊन फिरले, आणि मोजलेल्या मुलाच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लावली. आईला ते काम अजून मनापासून येतं.

"खाली ये गं मुक्ता. नाव? वय? शाळेत जातेस का?" बोटाला निळा ठिपका. ओम चारच वर्षांचा, सहा ते चौदात बसत नव्हता, पण त्याने भोकाड पसरल्यामुळे त्यालाही नियमात बसवण्यात आलं. ठिपका मिळताच तो परत झाडावर गेला. त्याच्यामागून मुक्ता.

मग आई माझ्या टेबलाशी आली. "हात पुढे कर."

"आई, काहीतरीच काय!"

"महिनाभर मी तुला वर्गात बघितलेलं नाही. डावा हात. नाव ठाऊक आहे. वय?"

मी लॅपटॉपकडे बघत गप्प राहिलो. उत्तर आवळ्यावरून आलं.

"बाबा चाळीस, आजी! एक नाकात!"