कटऑफ पाहून पगार ठरवू नका

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत एकच प्रश्न: "तिथला कटऑफ कितीवर बंद झाला?" कटऑफ वर म्हणजे पॅकेज वर, असं गणित बहुतेक पालकांच्या डोक्यात पक्कं असतं.

कटऑफ म्हणजे शेवटची जागा मिळालेल्या मुलाचे गुण. तो मागणी सांगतो, बाकी फारसं काही नाही. पुरावा कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या यादीतच आहे. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे फीमाफी योजनेच्या जागा बघा: मंजूर जागांच्या ५ टक्के, म्हणजे साठच्या वर्गाला तीन. शिक्षण शुल्क माफ, घरच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. या तीन जागांचा कटऑफ त्याच शाखेच्या ओपनपेक्षा सहसा वर असतो. वर्ग तोच, मास्तर तेच, लॅबमधलं बंद पडलेलं मशीनही तेच. फरक फक्त फीचा.

मुळात हुशार पोरं आत घेतली की चार वर्षांनी पगार बरे दिसणारच. त्यात कॉलेजचा वाटा किती, हे वेगळं काढायला अर्थशास्त्रज्ञ उंबरठ्यावरची मुलं तपासतात: जेमतेम आत आलेली आणि थोडक्यात हुकलेली. फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांवरच्या २०१४ च्या अभ्यासात जेमतेम आत आलेल्यांची कमाई पुढे सुमारे २२ टक्के जास्त निघाली. पण हुकलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज आलं होतं. दोन बऱ्या कॉलेजांमधली निवड हा वेगळा मामला. डेल आणि क्रूगर या अमेरिकी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं, की सारख्याच कॉलेजांत अर्ज करून सारखेच होकार-नकार मिळालेल्यांत जास्त निवडक कॉलेजात गेल्याने कमाई फारशी वाढत नाही. अपवाद गरीब घरच्या मुलांचा. ज्याच्या घरी ओळखी नाहीत, त्याला कॉलेजचं नाव उपयोगी पडतं.

शाखेचं मात्र तसं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ कॅम्पसवर अर्थशास्त्र घ्यायला सुरुवातीच्या विषयांत ४ पैकी २.८ ग्रेड लागायची. ही अट जेमतेम पार झाल्याने ज्यांना अर्थशास्त्र घेता आलं, त्यांचा सुरुवातीच्या वर्षांतला पगार वर्षाला सुमारे २२ हजार डॉलरने वाढला. विद्यापीठ एकच! तेव्हा नावासाठी नावडती शाखा घेताना दहादा विचार करा.

आता आकडे कुठे बघायचे? प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर नको. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीला दिलेली पीडीएफ कॉलेजच्या साइटवर असते, ती उघडा. वेळेत पास झालेले, प्लेस झालेले, मीडियन (म्हणजे बरोबर मधला) पगार आणि पुढे शिकायला गेलेले, हे चार रकाने एकत्र वाचा. समजा १२० पास, ५० प्लेस, मीडियन ६ लाख. म्हणजे सहा किंवा वर साधारण २५ जणांना, १२० पैकी. मीडियन फक्त प्लेस झालेल्यांचा असतो. उरलेले ७० त्यात नाहीतच. पुढे शिकायला गेलेले वजा करा, मग राहिलेल्यांचं काय झालं ते कॉलेजात जाऊन विचारा. उत्तरादाखल "हायेस्ट पॅकेज" ऐकवलं, तर समजून जा.

आणि सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हा हातात येणारा पगार नाही. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कधी एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनसही धरलेला असतो. सहा लाखांची नोकरी अंबड-सातपूरला घरून करणं आणि हिंजवडीत भाड्याच्या खोलीत राहून करणं, यात महिन्याची शिल्लक वेगळी पडते.

ऑप्शन फॉर्म भरताना पहिल्या नंबरला जे खरंच हवं तेच टाका. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही.