तिसरी केस

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेले होते तेव्हा थोरल्या चुलतभावाकडे जेवण होते. पिठले, भाकरी आणि ठेचा असा खास माझ्यासाठी केलेला बेत होता, आणि पहिला घास घशाखाली उतरतो न उतरतो तोच दादा म्हणाला, "तुमच्या अमेरिकेत संततिनियमन सुरू झालं तेच मुळी काळ्यांचा वंश खुडून काढायला. ती सँगरबाई. आणि आता तिथंच गर्भपातावर बंदी. आपण तो हक्क १९७१ मध्ये देऊन मोकळे झालो, एक मोर्चासुद्धा न निघता." मी तोंड उघडणार तोच वहिनींनी दुसरी भाकरी वाढली, आणि ती मोडता मोडता दादाने पुढचे वाक्य टाकले: दोन अपत्यांचा कायदा आता सक्तीनेच आणायला हवा, नाहीतर "हे लोक" ऐकणार नाहीत. "हे लोक" म्हणताना त्याची हनुवटी खिडकीबाहेर, नाल्यापलीकडच्या वस्तीकडे वळली. त्या दोन विधानांत एका भाकरीचे अंतर होते आणि ते त्याला जाणवले नाही, याचाच मला राग आला. अटलांटाला परतून महिने लोटले तरी तो राग उतरलेला नाही. रविवारच्या फोनवर विषय कुठून तरी निघतोच.

दादाचे पहिले विधान सर्वस्वी खोटे नाही, म्हणूनच ते खोडणे अवघड जाते. मार्गारेट सँगर यांनी १६ ऑक्टोबर १९१६ रोजी ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागात अमेरिकेतले पहिले संततिनियमन केंद्र उघडले, तेव्हा दाराशी रांगा लागल्या त्या ज्यू आणि इटालियन स्थलांतरित बायकांच्या. पत्रके इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत छापलेली होती आणि त्यांत जीव घेऊ नका, गर्भ राहणारच नाही असे पाहा, असे बजावलेले होते. म्हणजे जिचे नाव आज गर्भपाताच्या वादात दोन्ही बाजूंनी फेकले जाते, तिचे केंद्र गर्भपात टळावेत म्हणून निघाले होते. पोलिसांनी ते दहा दिवसांत बंद पाडले. वंश खुडण्याचा आरोप ज्यावर उभा आहे ते पत्र पुष्कळ नंतरचे, डिसेंबर १९३९ मधले. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांसाठी 'निग्रो प्रोजेक्ट' आखला जात असताना सँगर यांनी आपले सहकारी डॉ. क्लॅरन्स गॅम्बल यांना लिहिले की आपल्याला निग्रो लोकसंख्या नष्ट करायची आहे अशी आवई उठता कामा नये, आणि कुणाच्या मनात तशी शंका आलीच तर ती पाद्रीच दूर करू शकेल. वाक्य मधूनच तोडले की कबुलीजबाब वाटतो. सबंध वाचले तर गैरसमजाची धास्ती दिसते, आणि त्याबरोबर उपकारकर्त्यांच्या आवाजातली ती ठरावीक आढ्यताही ऐकू येते.

त्यांची खरी चूक त्या पत्रात नव्हतीच. 'चांगल्या' माणसांचीच पैदास व्हावी असे मानणाऱ्या सुप्रजाजननवाद्यांच्या पंक्तीला त्या आपण होऊन जाऊन बसल्या, 'अपात्र' माणसांची पैदास थांबवण्याची भाषा त्यांनी आपलीशी केली, आणि १९२६ मध्ये न्यू जर्सीत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या महिला शाखेपुढे व्याख्यानही दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बक विरुद्ध बेल या खटल्यात सक्तीच्या निर्बीजीकरणाला मान्यता दिली आणि न्यायमूर्ती होम्स यांनी मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरेत असे लिहून ठेवले. ती कॅरी बक गोरी होती, गरीब होती आणि मतिमंद नव्हती. हे सगळे न लपवता सँगर यांच्याच चळवळीतून उभ्या राहिलेल्या प्लॅन्ड पेरेंटहुड या संस्थेच्या न्यूयॉर्क शाखेने २०२० च्या जुलैत आपल्या मॅनहॅटनच्या दवाखान्यावरचे सँगर यांचे नाव उतरवले. आपल्याकडे एखाद्या संस्थेने आपल्या संस्थापकाची पाटी अशी उतरवलेली मी पाहिलेली नाही, असे मी दादाला ऐकवले, आणि ऐकवताना मला बरे वाटले हेही कबूल करते.

दादाचा युक्तिवाद मी पहिल्यांदा वाचला तो मात्र पुण्यात नाही. २०१० च्या सुरुवातीला अटलांटाच्या रस्त्यांवर डझनावारी होर्डिंगे लागली होती. त्यांवर एका सावळ्या बाळाचा चेहरा आणि काळी मुले ही नामशेष होऊ घातलेली प्रजाती आहे असा मजकूर होता. माझी मुलगी तेव्हा मागच्या सीटवर बूस्टरमध्ये बसून अक्षरे जुळवायला शिकत होती आणि तिने "एन्डेंजर्ड" हा शब्द मोठ्याने वाचून अर्थ विचारला. मी पांडाचे उदाहरण दिले. ती होर्डिंगे लावणारे गर्भपातविरोधी होते, आणि त्यांना सडेतोड उत्तर दिले ते याच शहरात काम करणाऱ्या सिस्टरसाँग या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेने. त्या म्हणत होत्या की आम्हाला मूल नको असेल तर नको म्हणण्याचा, हवे असेल तर ते होऊ देण्याचा आणि झालेले मूल सुरक्षित वाढवण्याचा, असे तिन्ही हक्क हवेत. आमच्या भल्यासाठी कुणी आमचे गर्भ मोजू नयेत, मग तो मोजणारा सुप्रजाजननवादी असो की गर्भाचा कैवारी. याच जॉर्जियात जन्मलेले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी २०१९ मध्ये सुप्रजाजननाचा हा इतिहास एका निकालपत्रात सविस्तर मांडला, आणि २०२२ च्या जूनमध्ये न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला त्या बहुमतात तेही होते. त्याच जुलैपासून आमच्याकडे सहा आठवड्यांचा कायदा लागू आहे. मुलीने पुढे झेल मिलर ही जॉर्जियातली शिष्यवृत्ती सोडून इलिनॉयला जायचे म्हटले तेव्हा आम्ही फीचे आकडे मांडत बसलो होतो. ती मात्र दुसराच नकाशा उघडून बसली होती. कृष्णवर्णीय स्त्रियांचे म्हणाल तर २०२१ साली या देशात दर लाख जिवंत जन्मांमागे त्यांच्यातल्या ६९.९ माता दगावल्या, गोऱ्या स्त्रियांत हे प्रमाण २६.६ होते. होर्डिंगांवर हे आकडे कधी आले नाहीत.

दादाला जे अजिबात ठाऊक नसते, किंवा सोयीचे नसते, ते असे की संततिनियमनाची मागणी दबलेल्यांच्या घरातूनही येत होती. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३२ मध्ये सँगर यांच्या मासिकात कृष्णवर्णीयांसाठी संततिनियमनाचा पुरस्कार केला, आणि खरे सांगायचे तर त्यांच्याही लेखणीत प्रजेच्या गुणवत्तेची ती भाषा शिरलेली आहे. ब्राउन्सव्हिलचे केंद्र निघाले त्या वर्षाच्या मध्यापर्यंत डॉ. आंबेडकर त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात होते. पुढे १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात ते त्याचे संपादक र. धों. कर्वे यांच्या बाजूने उभे राहिले आणि खटला हरले. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षाच्या प्र. ज. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात असा ठराव मांडला. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागत असत्या तर एकाहून अधिक मुलाला कुणी तयार झाला नसता, असा युक्तिवाद त्या भाषणात आहे. ठराव फेटाळला गेला. कर्व्यांनी १९२१ मध्येच मुंबईत केंद्र काढले होते आणि त्यापायी पुढे विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली होती.

आणि सँगरबाईंचे म्हणशील तर, दादा, आपल्या मोठ्या काकूच्या उशाशी ज्यांच्या कादंबऱ्या पडलेल्या असत त्या ना. सी. फडक्यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस भारतात सुप्रजाजननाची चळवळ व्हावी म्हणून एक सबंध इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि त्याला प्रस्तावना आहे मार्गारेट सँगर यांची. हे फोनवर सांगितले तेव्हा तिकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "फडके वेगळे." वेगळे कसे, ते त्याने सांगितले नाही.

१९७१ च्या कायद्याचा त्याला एवढा अभिमान आहे, तर त्याबद्दलही थोडे बोलू. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने त्याचा पाया घातला, चोरून केलेल्या गर्भपातांत मरणाऱ्या बायका त्यामुळे वाचल्या, आणि आज जॉर्जियातल्या बाईपेक्षा साताऱ्यातल्या बाईला कायदा अधिक मुभा देतो, हे मी नाकारत नाही. पण तो स्त्रीला हक्क देणारा कायदा नव्हता. निर्णय डॉक्टरच्या मताचा होता, आणि साधन निकामी ठरल्याचे कारण सांगण्याची सवलत २०२१ च्या दुरुस्तीपर्यंत फक्त विवाहितेला होती. मोर्चा निघाला नाही, कारण सरकारला लोकसंख्या कमी करायचीच होती. तेच सरकार पाच वर्षांनी काय करू लागले ते आपल्या घराने पाहिलेले आहे.

अटलांटाहून आय-८५ धरली की अडीच तासांत माँटगोमेरी येते. तिथे १९७३ च्या जूनमध्ये सरकारी पैशांवर चालणाऱ्या एका कुटुंबनियोजन केंद्राने रेल्फ कुटुंबातल्या १४ आणि १२ वर्षांच्या दोन कृष्णवर्णीय बहिणींची निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करून टाकली. त्यांच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हते. मुलींना इंजेक्शने द्यायची आहेत अशा समजुतीने तिने कागदावर फुली मारली होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिथे एका लाँग वीकेंडला गेलो होतो. ती फुली मी कुठल्याशा माहितीफलकावर वाचली आणि माझ्या डोळ्यांपुढे आला तो शाईच्या डबीत बुडवलेला डावा अंगठा.

माझे वडील एका दुष्काळी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९७६ मध्ये शिक्षकांना 'केसेस' आणण्याचे उद्दिष्ट होते. माणसे नसबंदीच्या शिबिराला नेऊन पावती आणली नाही की पगार अडकायचा. देशभरात त्या एका वर्षात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्ती करणारे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिले. वडिलांना तीन केसेस हव्या होत्या. त्यांनी स्वतःचे ऑपरेशन करून घेतले नाही, कारण आम्ही दोघी मुली होतो आणि आजीला नातू हवा होता. पहिली केस शाळेचा शिपाई, त्याला पाच मुले होती आणि तो राजीखुशीने गेला. दुसरा एक शेतकरी, कर्जाच्या कागदासाठी अडलेला. तिसरा होता शाळेची विहीर खणायला आलेला वडारवस्तीवरचा तरुण. त्याचे लग्न झालेले नव्हते.

आमच्या घरात ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाई. गुरुजी तीन दिवस वणवण हिंडले, शेवटी विहिरीतून केस काढली, आणि अडकलेला पगार सुटला त्या दिवशी पुरणपोळी झाली. सगळे हसत, मीही हसत असे. दादा तेव्हा आमच्याकडे शिकायला होता. पुरणपोळी त्यानेही खाल्ली आहे. विनोदात न बसणारी एक गोष्ट मात्र मला स्वतःला आठवते. मी दुसरीत असेन. तो माणूस ओट्याशी, पायरीच्या खाली उभा राहून विचारत होता, "गुरुजी, ती नस परत जोडत्यात का?" वडील म्हणाले, "उद्या ये, बघू." तो पुष्कळदा उद्या आला.

त्या सुटलेल्या पगारावर माझी पाटी आली, पुढे इंजिनिअरिंगची फी आली, आणि त्याच ओळीत कुठेतरी हे अटलांटातले घरही आहे. नॉर्थ कॅरोलिनाने आपल्या मंडळाने निर्बीज केलेल्या सुमारे ७,६०० माणसांपैकी जे हयात होते त्यांना भरपाई देण्याचा कायदा २०१३ मध्ये केला, हे मी दादाला मोठ्या तोऱ्याने सांगितले होते. "आमच्याकडे निदान हिशेब तरी होतो," असे माझे शब्द होते. त्या वाक्यातले "आमच्याकडे" मी कुणाच्या जिवावर म्हणाले, हे मला रात्री झोप लागेना तेव्हा सुचले. इथल्या पापात माझा वाटा नाही म्हणून इथला हिशेब मला इतका सहज जमतो. दादा म्हणतो, तू तिथे राहतेस, तुला इथले बोलायचा अधिकार नाही. मी म्हणते, लांबून नीट दिसते. दोघेही विहिरीचे नाव काढत नाही.

त्या डिसेंबरच्या मुक्कामात वडिलांच्या ट्रंकेत त्यांची १९७६ ची वही सापडली. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते. एक आणि दोन या आकड्यांपुढे पूर्ण नाव, गाव, वय आणि मुलांची संख्या आहे. तीनपुढे लिहिले आहे: "वडार, वय अं. २२, पावती मिळाली." मुलांच्या रकान्यात आडवी रेघ आहे. रेल्फ बहिणींची नावे खटल्याच्या कागदात तरी राहिली. गेल्या रविवारी मी आईला त्याचे नाव विचारले. फोन स्पीकरवर होता, दादाही शेजारी बसलेला होता. आई बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, "आपण त्याला विहिरीवाला म्हणायचो की गं."