अ‍ॅम्पने मूग गिळले

ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. तो हळू आवाजात वाजवला की अगदीच पुळचट वाजतो. नॉब पार पिळल्याशिवाय त्याच्या पॉवर ट्यूब घाम गाळत नाहीत, आणि त्यांनी घाम गाळला नाही तर ज्या गोडव्यासाठी हे धूड घरात आणलं, तो काही हाती लागत नाही. पिळावा, तर खिडक्यांच्या काचा गिटारीआधी रेकॉर्ड होतात.

जाणकारांचा उतारा सोपा: स्पीकर काढ. पण नुसता काढून भागत नाही. समोर काहीच न जोडता ट्यूब अ‍ॅम्प जोरात वाजवला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज असं उसळतं की तो जळायची भीती. त्याला मुकाट्याने ऐकून घेणारं कुणीतरी लागतंच. काही घरांत हे काम माणसं करतात. इथे ८ ओहमचा डमी लोड करतो, म्हणजे स्पीकरच्या जागी बसणारा मुका रेझिस्टर. आणि ५० वॉटच्या अ‍ॅम्पला ५० वॉटचा रेझिस्टर पुरत नाही. आवाज पूर्ण फाटला की तोच अ‍ॅम्प १०० वॉटच्या घरात जाऊ शकतो. मग हीटसिंकवर घट्ट बसवलेला तो रेझिस्टर असा तापतो, की माझ्या सोलोची खरी ऊब फक्त त्यालाच कळते.

या लोडवर असतात जवळजवळ २० व्होल्ट आणि रेकॉर्डिंगच्या लाइन इनपुटला हवा असतो सव्वा व्होल्ट. दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणायचं, की झाला लाइन आउट. हेडफोन लावले, पहिला कॉर्ड छेडला, आणि कानात डास शिरले! गिटारचा स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळून टाकतो, ही त्याची थोरवी तो गेल्यावर कळते.

मग कॉम्प्युटरमध्ये इम्पल्स रिस्पॉन्स घाला, म्हणजे कुणीतरी मोजून ठेवलेला स्पीकर, कॅबिनेट आणि माइक. माइक मध्यभागी, माइक कडेला, माइक जरा तिरका. हे निवडता निवडता गाणं काय होतं तेच विसरायला होतं.

तरी बोटांखाली अ‍ॅम्प मेलेलाच. कारण खरा स्पीकर ८ ओहमवर स्थिर बसतच नाही. १०० हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, कित्येक पट चढतो, वरच्या सुरांत पुन्हा चढतो. म्हणून आता कॉइल आणि कपॅसिटरवाला रिअ‍ॅक्टिव्ह लोड. थोडक्यात, काढलेला स्पीकर अजून तिथेच आहे अशी अ‍ॅम्पची समजूत घालायला स्पीकरपेक्षा जास्त पैसे.

एवढ्यात लाइन आउटमधून घुंईऽऽ. अर्थिंगची पिन काढून टाक, असं सांगणारे भेटतात. आत ४०० व्होल्ट खेळत असताना हा सल्ला देणाऱ्याला आधी स्वतः अ‍ॅम्पला हात लावायला सांगावं. लाइन आउटवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला आणि घुंई गेली.

शेवटी सगळं जुळलं. ट्यूब लालबुंद, लोड तापलेला, हेडफोनमध्ये नुसता गडगडाट. मी डोळे मिटून तार ताणली. बायकोने दार किलकिलं केलं, टिणटिण ऐकली आणि माझ्या कानावरचा हेडफोन जरा बाजूला करून म्हणाली, "अहो, वायर लावायची राहिली वाटतं."